घंगाळावरची नावं

सरकारी कचेरीत काही टेबलं अशी असतात, की तिथे बदली झाल्याचं कळलं की लोक अभिनंदन करत नाहीत, 'साहेबांशी काही वाजलं का?' असं हळूच विचारतात. माझं नागरिकत्वाचं टेबल त्यातलं. जमिनीच्या टेबलापुढे रांग, शस्त्रपरवान्याच्या टेबलापुढे मुद्दाम टाकलेली खुर्ची, आणि माझ्या टेबलाशेजारी पाण्याचा माठ. माझ्याकडे चालत येणारी दहातली नऊ माणसं माठाकडेच येत. सुरतेत निम्मी वस्ती बाहेरून आलेली, पण इथला नागरिक कोण हे ठरवणाऱ्या टेबलावर वर्षाला पंधरा-वीस अर्ज. आपण नागरिक आहोत असं बाकीच्यांना वाटतं आणि तेवढ्यावर त्यांचं भागतं. बाईंचंही सेहेचाळीस वर्षं भागलं होतं.

बाई म्हणजे रजनी अरविंद सबनीस. सुरतेतल्या एका मराठी शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं चौथीचा वर्ग घेतला. मी, तुषार गद्रे, सहासष्ट साली त्या वर्गात होतो. उंची बेताची, आवाज मात्र वर्गाच्या भिंतीपलीकडे जाणारा. त्यांची हजेरी म्हणजे एक सोहळा असे. इतर मास्तर नुसते आकडे म्हणत, नाहीतर आडनावं. बाई प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं पूर्ण म्हणत, आणि समोरून ठणठणीत 'हजर' आल्याशिवाय खूण करत नसत. एकदा मी खिडकीबाहेर पतंग बघत बसलो होतो. नाव ऐकलं नाही. बाईंनी मला पहिल्या बाकावर, त्यांच्या डोळ्यांसमोर बसलेला असताना, गैरहजर मांडलं. मी रडवेला होऊन म्हणालो, "बाई, मी इथंच आहे." बाई म्हणाल्या, "नाव घेतल्यावर जो ओ देत नाही तो वर्गात नाही. बस खाली." हा अन्याय मी तीस वर्षं मनात धरून होतो. का सांगतोय ते पुढे कळेल.

मतदार याद्या तपासायच्या, जनगणनेला दारोदार हिंडायचं, निवडणुकीला केंद्रावर बसून लोकांच्या बोटाला शाई लावायची, ही सगळी सरकारी कामं शिक्षकांच्याच गळ्यात पडतात. बाईंनी ती कधी चुकवली नाहीत. एक्याण्णवच्या जनगणनेला, निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना, त्या कतारगामच्या चाळींचे जिने चढून बिऱ्हाडं मोजत होत्या. 'जन्म कुठला?' हा प्रश्न त्यांनी किती हजार माणसांना विचारला असेल कोणास ठाऊक. त्यांना स्वतःला तो कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

यजमान, अरविंदराव, बँकेत होते. नव्वद साली गेले. एकुलती एक मुलगी नेहा, लग्नानंतर बारा-तेरा वर्षांनी झालेली, ती कॅनडात टोरांटोला. बाई कतारगामला दोन खोल्यांत एकट्या. खाली हिरे घासायचा कारखाना. सकाळी आठ ते संध्याकाळी सात घंट्यांची घरघर चालायची. हिरे घासायच्या त्या फिरत्या तबकडीला सुरतेत घंटीच म्हणतात. शेजारी सगळे सौराष्ट्राकडचे. माणसं प्रेमळ, पण त्यांची बोली वेगळी, सण वेगळे, आणि बाईंकडे जायचं ते मुलांच्या गणिताच्या शंका घेऊन. मी महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर टाकायचो, तीही बायकोने आठवण केली तर. खोटं कशाला बोलू?

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात प्लेगची बातमी पसरली आणि सुरत रिकामी झाली. मिळेल त्या गाडीला लटकून माणसं आपापल्या गावी पळाली. खानदेशातले नंदुरबार, धुळ्याकडे. सौराष्ट्रातले भावनगर, अमरेलीकडे. आम्हाला सरकारी चाकरीमुळे हलता येईना. पाचव्या दिवशी कॅप्सूलची दोन पाकिटं घेऊन मी कतारगामला गेलो. अख्ख्या इमारतीत एक दार उघडं. घंट्या बंद. बाई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"बाई, तुम्ही गेला नाहीत गावाला?"

"कुठल्या गावाला जाऊ?" त्या म्हणाल्या. "ह्यांच्या गावी ओळखीचं दार उरलं नाही. आणि माझ्या गावाला इथून गाडी जात नाही."

"कुठलं बाई तुमचं गाव?"

"कराची."

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. पण बाई थट्टा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. वडील, विठ्ठल टिपणीस, कराचीच्या बंदरात कारकून होते. तिथे तेव्हा पुष्कळ मराठी घरं होती, मराठी शाळा होती, गणपती बसायचा. बाईंचा जन्म तिथला, चौतीस सालचा. चौदा वर्षांच्या असताना बोटीने मुंबईला उतरल्या आणि वडिलांना इथे नोकरी मिळाली म्हणून सुरतेला आल्या. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. हे सगळं त्यांनी भूगोलाचा धडा सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "चार दिवस झाले, कोणाशी बोलले नाही रे. घंट्यांचा आवाजही नाही. पूर्वी त्या आवाजाने डोकं उठायचं." मला तिथून निघताना फार वाईट वाटलं, आणि तरी मी निघालोच.

दिवाळीत नेहाचा फोन आला. दिवस गेले होते, मार्चमध्ये बाळंतपण. "आई, तू ये. नुसती बाळंतपणाला नाही, राहायलाच ये." बाईंनी दुसऱ्याच दिवशी पासपोर्टचा अर्ज आणला. आणि जन्मस्थळाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं, कराची.

पुढे जो तो त्यांना हेच म्हणाला, की बाई, सुरत लिहायचं की! कोण बघायला बसलंय? मीही म्हणालो. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा चौथीत गेलो. चौकशीला आलेला हवालदारसुद्धा अवघडला, कारण त्याची पोरगी बाईंच्याच हाताखाली शिकलेली. पण कागदावर कराची आहे म्हटल्यावर त्याचाही इलाज नव्हता. डिसेंबरात उत्तर आलं: भारतीय नागरिकत्वाचा पुरावा सादर करावा. आणि बाई, हातात जुनी काळी पर्स घेऊन, माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. प्रथमच कोणीतरी माठाकडे न बघता माझ्याकडे आलं होतं.

"गद्रे, मला सांग, मी कोण आहे?" त्या म्हणाल्या. आवाज कडक होता.

आता कायदा सांगतो, थोडक्यात. फाळणी झाली तेव्हा इकडून तिकडे जाणाऱ्या माणसांच्या कपाळावर काही लिहिलेलं नव्हतं. मग सरकारने एक तारीख धरली, १९ जुलै १९४८. त्या दिवशी परवान्याची पद्धत सुरू झाली. त्याच्या आधी जो तिकडून आला आणि इथे राहिला, तो आपोआप नागरिक, त्याला कोणी काही विचारायचं नाही. त्या दिवशी किंवा नंतर आला, तर त्याने अर्ज करायचा, सहा महिन्यांची वस्ती दाखवायची, आणि नेमलेल्या अधिकाऱ्याकडून नाव नोंदवून घ्यायचं. घटनेतलं सहावं कलम ते. अर्ज २६ जानेवारी १९५० च्या आत हवा. पंचावन्न सालचा नागरिकत्वाचा कायदा त्यानंतरचा. ज्यांनी ही तारीख चुकवली, त्यांना पुढे त्यातून वाट काढावी लागली. तारखा ठरवणारे शहाणेच असणार, पण त्या तारखेच्या एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला अर्जदार, हे रोज बघताना माझं डोकं फिरतं.

"तुम्ही कधी आलात?"

"ऑक्टोबर अठ्ठेचाळीस. आजी हलायला तयार नव्हती. ती ऑगस्टात गेली, तिचं सगळं करून मग निघालो. तात्या म्हणायचे, आईला एकटीला टाकून मी देशभक्ती करणार नाही."

म्हणजे तीन महिन्यांनी तारीख हुकली होती. तात्यांनी तेव्हा अर्ज केला असेल तर नोंद असणार, म्हणून मी दोन दिवस जुन्या दप्तरात डोकं घातलं. नाकातोंडात धूळ गेली. तिसऱ्या दिवशी कापडी पुठ्ठ्याची ती नोंदवही मिळाली, आणि तिच्यात डिसेंबर एकोणपन्नासची नोंद: विठ्ठल महादेव टिपणीस, वय ४६. पत्नी सरला, ३८. मुलगी सिंधू, १५.

मला इतका आनंद झाला की मी ती वही उराशी धरून तसाच स्कूटरवर बसणार होतो. बाईंना बोलावून घेतलं. त्यांनी वडिलांच्या सहीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. म्हणाल्या, "बघ, तात्या काही विसरले नाहीत."

मग मीच विचारलं, "पण बाई, ही सिंधू कोण?"

"अरे, मीच की. लग्नात नाव बदललं."

तिथे घोडं अडलं. तुम्हाला माहीतच आहे, आपल्यात नवऱ्या मुलीचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने नवं नाव रेखायचं, साखर वाटायची, झालं. मुलगी एका नावाने मांडवात जाते आणि दुसऱ्या नावाने बाहेर येते. त्याचा कागद कोणी करत नाही. बाईंच्या नणंदेचं नावही सिंधू होतं. एका घरात दोन सिंधू नकोत म्हणून ताटातल्या तांदळांवर, बाईंच्या शब्दांत सांगायचं तर, रजनी उमटली. कराचीचे शाळेचे कागद तिथेच राहिले. सुरतेला आल्यावर आई आजारी, त्यामुळे शाळा सुटलेली. सातवीची परीक्षा, मास्तरकीचं प्रशिक्षण, नोकरी, सगळं लग्नानंतर, सगळं रजनी सबनीस या नावाने. सिंधू टिपणीस एकोणपन्नास सालच्या वहीत एकदा दिसते आणि नंतर कुठेच नाही. रजनी सबनीस त्रेपन्न साली एकदम उगवते. दोघींना जोडणारा चतकोर कागद नव्हता.

मी अर्ज तयार केला: नोंदवहीतली सिंधू विठ्ठल टिपणीस ती मीच, असा दाखला मिळावा. फेब्रुवारीत साहेबांपुढे सुनावणी लागली. मी आत फाइल घेऊन उभा. बाई बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर, अर्धा तास आधीच येऊन बसलेल्या. शिपाई दत्तूने दारात जाऊन आरोळी ठोकली, "सिंधू विठ्ठल टिपणीस हाजर छे?" कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. दत्तूचा आवाज असा की खालच्या चहावाल्याने वर पाहिलं असेल. साहेबांनी फाइलवर लिहिलं, अर्जदार गैरहजर.

मी धावत बाहेर गेलो, तर बाई बाकावर ताठ बसलेल्या.

"बाई! तीनदा पुकारलं!"

"मला? छे. ते कोणा टिपणीसच्या मुलीला पुकारत होते. मला वाटलंसुद्धा, कुठे राहिली बिचारी, तारीख जाईल तिची."

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं. चेहरा पांढरा पडला. मी काहीतरी सारवासारव करायला गेलो, पण त्यांनी हातानेच थांबवलं.

"काय लिहिलं साहेबांनी?"

"गैरहजर."

"बरोबर लिहिलं," बाई म्हणाल्या.

तीस वर्षांचा माझा राग त्या क्षणी कुठे गेला, कळलं नाही. मी माठातून पाणी आणून दिलं. ते हातात धरून बाई बोलत राहिल्या, मला नाही, समोरच्या भिंतीला सांगावं तसं. "एकसष्ट साली आई गेली. त्यानंतर सिंधू म्हणणारं कोणी राहिलं नाही. रजनी म्हणणाऱ्या सासूबाई गेल्या, नणंद गेली, मग हे होते. हे गेले. नेहा आई म्हणते, तीसुद्धा फोनवर. बाकी सगळ्या जगाला मी बाई. मला नावाने हाक मारील असं माणूसच नाही रे आता कुठे. मग मी ओ देणार कशाला?"

साहेब माणूस वाईट नव्हते. भरूचकडचे, नवे, नियमाला धरून चालणारे. पण त्यांच्याही मनात पाल चुकचुकली. आपल्या नावाला ओ न देणारी बाई ती हीच कशावरून? त्यांनी सांगितलं, दोन्ही नावांनी ओळखणारा साक्षीदार आणा, नाहीतर लग्नाच्या वेळचा एखादा पुरावा. बाईंनी लग्नाला आलेल्या माणसांची यादी केली, हजेरीसारखी, पूर्ण नावांची. मग एकेका नावापुढे फुली मारत गेल्या. शेवटचं नाव भटजींचं होतं. तेही वारले होते.

मार्च उजाडला. नेहाला मुलगी झाली. बाईंनी फोनवर तिचं रडणं ऐकलं. मला सांगताना म्हणाल्या, "आवाज खणखणीत आहे." आणि मग पदराने डोळे पुसत बसल्या. कॅनडातल्या नातीपर्यंत पोचायला तांदळात लिहिलेलं एक नाव आडवं आलं होतं.

त्या दिवशी माझी बायको बरोबर होती. ती बाईंच्या मोरीत हात धुवायला गेली आणि सहज म्हणाली, "बाई, लग्नातली भांडी नाहीत का तुमच्याकडे? नाव घातलेली?"

बाई ताडकन उठल्या. "घंगाळ!"

मोठं तांब्याचं घंगाळ, आईने लग्नात दिलेलं. आईला नाव बदललेलं मनातून पटलं नव्हतं. तिने लग्नाआधीच नाव घालणाऱ्याला बसवून घंगाळाच्या काठावर घालून घेतलं: 'चि. सिंधू विठ्ठल टिपणीस हिस आईकडून, ३ मे १९५३'. सासूबाईंनी ते पाहिलं. त्या तरी काय कमी? आठ दिवसांत त्यांनीही नाव घालणारा बोलावला आणि खालीच ठोकून घेतलं: 'सौ. रजनी अरविंद सबनीस'. दोघी विहिणी एकमेकींशी वरवर गोड बोलायच्या, भांडल्या त्या घंगाळावर. बाई सांगत होत्या, "मी मधे उभी. रोज सकाळी दोघींच्या नावांतून पाणी उपसून अंघोळ करायची."

पण घंगाळ घरात नव्हतं. स्टीलचं वेड आलं तेव्हा सगळ्या बायकांनी केलं तेच बाईंनीही केलं होतं. तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून चकचकीत स्टील आणलं. ज्या ज्या भांड्यावर सिंधू होती, ते ते स्वतःच्या हाताने दुकानदाराच्या तराजूत टाकलं. घंगाळ एवढं वाचलं होतं. मोरीत गीझर आला तेव्हा ते त्यांनी शाळेत पाणी भरणाऱ्या, खानदेशातल्या भागीरथीला देऊन टाकलं होतं. त्यालाही दहा वर्षं झाली होती.

रविवारी मी बाईंना स्कूटरवर मागे बसवून लिंबायतला भागीरथीकडे नेलं. आपल्या बाईंना मागे बसवून गाडी चालवणं सोपं नसतं. प्रत्येक वळणावर त्या हात दाखवायला सांगत होत्या. भागीरथीचा नवरा निंबा मागावर कामाला, घर एका खोलीचं. भागीरथी दारातच चपापली.

"बाई! तुम्ही अठे? बठा ना. काय व्हयनं?"

बाई बसल्या नाहीत. "भागीरथी, मी तुला घंगाळ दिलं होतं, ते आहे का गं?"

"शे ना. पानी भरेल शे त्यामा."

"त्यावरचं नाव?"

भागीरथीला वाटलं, बाई काही आळ घेतायत. ती गोरीमोरी झाली. "नाव कसाले पुसू बाई? निंबा सांगे, आपलं नाव टाकी ल्यूत. मी सांगं, नही. बाईसनं नाव शे, ऱ्हाऊ द्या."

पाणी ओतून घंगाळ उजेडात आणलं. राखेने, चिंचेने वर्षानुवर्षं घासून काठ गुळगुळीत झाला होता. पहिल्यांदा काहीच दिसेना. बाई खाली बसल्या आणि बोट फिरवू लागल्या, चाचपडत. भागीरथीने चिंच कालवली, मीठ घातलं, घसाघसा चोळलं, पाणी मारलं. ओल्या तांब्यावर बारीक ठिपके उमटले. आधी '१९५३' दिसलं. मग 'आईकडून'. बाई तिथेच लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या. भागीरथी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. काय झालंय हे तिने विचारलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकतो. बाईंना दाखला मिळाला, ऑगस्टात पासपोर्ट मिळाला, त्या टोरांटोला गेल्या आणि तिकडेच राहिल्या. त्याला आता तीन वर्षं होतील. पत्रं येतात. नात बोलायला लागली आहे, तीही इंग्रजी. 'दिवसभर घरात कोणी नसतं, बर्फ बघते,' असं एका पत्रात होतं. कतारगामच्या खोल्यांना कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे, पण मी जातो कमी. तिथे गेलं की खालच्या घंट्यांचा आवाज मला सहन होत नाही.

मला सांगायचंय ते दुसऱ्या सुनावणीच्या दिवसाचं. एप्रिलमधली गोष्ट. भागीरथी स्वतः घंगाळ घेऊन कचेरीत आली, काखेत धरून, वर धुतलेलं लुगडं बांधून. बाईंना व्हरांड्यात बसवलं. घंगाळ साहेबांच्या टेबलावर ठेवलं तेव्हा काचेखालचे कागद दिसेनासे झाले.

"आ शुं छे, गद्रे?"

मी सांगितलं. मान्य पुराव्यांच्या यादीत घंगाळ नव्हतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांनी चष्मा चढवून काठ वाचला. मराठी अक्षरं त्यांना लागत होती. एकदा वाचून पुन्हा वाचला. दोन विहिणींची हकीकत ऐकताना त्यांच्या मिशीखाली हसू आलं. "मारी बाना घेर पण आवुं ज हतुं," ते म्हणाले. त्यांच्या आईच्या घरीही असंच घडलं होतं तर. मग बोटाने तांबं वाजवून बघितलं आणि माझ्याकडे वळले. "भांडुं फाइलमा न लगाडाय. पंचनामो करो."

मी आयुष्यात पुष्कळ पंचनामे लिहिले, इतक्या आनंदाने एकही नाही. 'तांब्याचे, दोन कड्यांचे, एका बाजूस पोचा आलेले घंगाळ एक. काठावर ठिपक्यांनी कोरलेला मजकूर पंचांसमक्ष वाचण्यात आला तो असा.' पंच म्हणून टंकलेखक मारुती आणि दत्तू. दत्तू सही करायला वाकलेला, म्हणून साहेब मला म्हणाले, "अर्जदारने बोलावो. नोंधमा जे नाम छे ते ज नामे."

मी नोंदवही उचलून दारात गेलो. व्हरांड्यात वीसेक माणसं होती. बाई बाकावर, मांडीवर पर्स. मी त्यांच्याकडे न बघता वाचलं, त्यांनीच शिकवलं होतं तसं, पूर्ण, एकेक शब्द सुटा.

"सिंधू विठ्ठल टिपणीस."

दोघा-तिघांनी माना वळवल्या. मग बाई उभ्या राहिल्या, हात शरीराला चिकटवून, मान सरळ.

"हजर."

हा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. आमच्या बाईंचा नव्हताच तो. एकदम बारीक, घाबरलेल्या मुलीचा होता.

आत पाच मिनिटांत सगळं झालं. साहेबांनी सही केली, शिक्का बसला. भागीरथी घंगाळ उचलून घेऊन गेली. बाईंनी ते परत मागितलं नाही, आणि भागीरथीने देऊ केलं तेव्हा म्हणाल्या, "तुझ्याकडेच असू दे, रोज घासलं जातं." मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आलो. दाखला पर्समध्ये होता, पर्स छातीशी. दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या.

"तुषार."

"काय बाई?"

"मघाशी तू पूर्ण नाव घेतलंस. आई पूर्ण नाव घ्यायची नाही." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "एकदा नुसती हाक मारशील?"

आपल्या बाईंना नावाने, तेही एकेरी? लोक जिना चढत होते, उतरत होते. बाई पाठ करून उभ्या होत्या, जशी एखादी मुलगी अंगणात खेळता खेळता घरातून येणाऱ्या हाकेची वाट बघते. मी कठडा घट्ट धरला.

"सिंधू," मी म्हणालो.

"ओ," बाई म्हणाल्या, आणि खाली उतरून गेल्या.